कुंपणाची भिंत आणि रक्तातली साखर

गेल्या जानेवारीत केलेल्या रक्ततपासणीच्या अहवालात माझ्या एचबीएवनसीच्या पुढे ६.१ असा आकडा आला. मागच्या साधारण तीन महिन्यांत रक्तातल्या साखरेची सरासरी पातळी काय होती, ते ही तपासणी सांगते. ५.७ ते ६.४ या पट्ट्यात येणारा माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असे मानतात, आणि ६.५ पासून पुढे मधुमेहच. आमच्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला, शिंप्यासारखी टेप काढून माझी कंबर मोजली आणि एका छापील तक्त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ साली भारतीयांसाठी तयार केलेला हा तक्ता चारच गोष्टी विचारतो : वय, कंबरेचा घेर, अंगमेहनत आणि आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे का. पन्नाशी ओलांडल्याचे ३०, चौऱ्याऐंशी सेंटिमीटर कंबरेचे १०, आईला मधुमेह असल्याचे १० आणि व्यायाम किंवा कष्टाचे काम यांपैकी काहीच नसल्याचे ३०, असे माझे ८० गुण झाले. शाळेत एवढे गुण मिळाल्यावर आईने पेढे वाटले असते. या तक्त्यात मात्र साठपासून पुढे धोका मोठा समजतात.

घरी परतताना मला त्या चारांपैकी एकच प्रश्न सतावत राहिला. वय आणि आईवडील माझ्या हातात नाहीत, कंबर थोडीफार आहे. पण अंगमेहनतीचे ते ३० गुण माझ्या आळसाचे किती आणि माझ्या पत्त्याचे किती, हे तो तक्ता विचारत नाही. विचारावे अशी अपेक्षाही नाही, कारण डॉक्टरांना मी बदलायची असते, मोहल्ला नव्हे. तरीही मोहल्ला बदलला की माणूस बदलतो, हे मी माझ्याच घरात तेरा वर्षे पाहत आले आहे.

२०१३ पर्यंत आम्ही पुण्यात कसबा पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहत होतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लाकडी जिन्याच्या एकोणीस पायऱ्या, पाण्याचा नळ आणि संडास खाली चौकात. सकाळी आठच्या सुमारास आई दोन कापडी पिशव्या घेऊन निघायची आणि लाल महालावरून, दगडूशेठ गणपतीला उभ्या उभ्या हात जोडून, बेलबाग चौक ओलांडून मंडईत जायची. जाऊन येऊन अडीच किलोमीटर सहज व्हायचे, आणि परतीच्या वाटेवर दोन्ही हातांत चार-पाच किलोंचे ओझे असायचे. संध्याकाळी पुन्हा एखादी फेरी असायची : कधी तुळशीबागेत, कधी जोगेश्वरीला, कधी नुसते मावशीकडे शनिवार पेठेत. यातल्या एकाही गोष्टीला तिने कधी चालणे म्हटले नाही. ‘मंडईत जाऊन येते’ असे ती म्हणायची. ‘वॉकला’ जाण्याची कल्पना तिला अजूनही थोडी हास्यास्पद वाटते. या बिननावाच्या चालण्याचे वैशिष्ट्य असे की त्याला इच्छाशक्ती लागत नाही. भाजी संपली की पाय आपोआप बाहेर पडतात.

वाड्याच्या आठवणींवर साखर घोळवण्याची मात्र माझी तयारी नाही. त्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे, पावसाळ्यात भिंतींना ओल येई, आणि खाली रांगेत उभे राहण्याचा आईला इतका कंटाळा होता की फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी तिने सर्वांत आधी न्हाणीघर पाहिले. शिवाय मधुमेह आमच्या वाड्यालाही अनोळखी नव्हता. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आयुष्यभर पायी फिरले, अंगाने काडीसारखे होते, आणि तरीही साठीच्या आत त्यांना ‘गोड लघवी’ लागली.

आजोबांचे हे कोडे ज्यांच्या कामामुळे मला थोडेसे उलगडले, ते डॉ. चित्तरंजन याज्ञिक पुण्याचेच. केईएम रुग्णालयातून त्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यातून असे दिसले की आपली बाळे जन्मतः लहान आणि हलकी असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती : दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगातली चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगातली २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे आजोबांच्या बाबतीत कुणाला ठाऊक नव्हते. म्हणजे धोक्याचा एक हिस्सा आपण पोटातून घेऊन येतो. परिसराचे काम त्यानंतर सुरू होते.

ते काम किती, याचाही अंदाज याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातच घेतला आहे. गावातले शेतकरी, शहरातल्या झोपडपट्टीत राहणारे आणि शहरातले मध्यमवर्गीय अशा तीन गटांतल्या पुरुषांची त्यांनी तुलना केली, तेव्हा गावातल्या पुरुषांपेक्षा शहरातल्या पुरुषांच्या अंगात चरबी आणि रक्तात साखर जास्त आढळली. देशभराचे चित्र याला जुळणारे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के. त्या पाहणीतला मला अधिक अस्वस्थ करणारा भाग वेगळाच आहे. माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या लोकांचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखे, पंधरा टक्क्यांच्या आसपास, भरले आहे. खेड्यातही उंबरठ्यापर्यंत तेवढेच लोक येऊन पोचले आहेत. आणि ज्या गावांभोवती शहर वाढते आहे, तिथे पुढचे पाऊल पडायला काय लागते, ते मी रोज पाहते.

कारण २०१३ साली आम्ही पुण्याच्या वेशीवरच्या धायरीला राहायला आलो. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. २०१७ मध्ये ज्या अकरा गावांचा महापालिकेत समावेश झाला त्यांत धायरी एक होते, आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे आल्यावर पुण्याची हद्द पाचशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेली. इमारती मात्र हद्दीची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. रस्ता होण्यापूर्वी सोसायट्या उभ्या राहिल्या, सोसायट्यांनंतर रस्ता झाला, आणि रस्त्याच्या कडेला जी जागा उरली तिला पदपथ म्हणायचे ठरले.

तो पदपथ नीट पाहण्यासारखा आहे. आमच्या फाटकातून डावीकडे वळले की पहिली काही पावले तो चांगला गुळगुळीत आहे, कारण समोर एका बिल्डरचे विक्री-कार्यालय आहे. मग विजेचा डीपी येतो आणि पदपथाची सगळी रुंदी व्यापून टाकतो. त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरावे लागते. पुन्हा वर चढायचे तर कठडा माझ्या नडगीएवढा उंच आहे, आणि आईचा गुडघा तेवढा वाकत नाही. पुढे गॅरेजच्या दुचाक्या, मग एक उघडे चेंबर आणि त्यात कुणीतरी सावधगिरी म्हणून उभी खोचलेली झाडाची फांदी, मग चायनीजच्या गाडीच्या खुर्च्या. भाजीवाल्यांपर्यंतच्या नऊशे मीटरांत मी एकदा मोजले : अकरा वेळा पदपथावरून खाली उतरावे लागते आणि त्यांतल्या चार वेळा समोरून, म्हणजे उलट्या दिशेने, येणारी दुचाकी चुकवावी लागते. याच नऊशे मीटरांत तीन बेकऱ्या, दोन वडापावच्या गाड्या, एक आइस्क्रीमचे दुकान आणि चहाच्या चार टपऱ्या आहेत. ताजी भाजी मिळते ती सगळ्यात शेवटी.

आईने पहिले वर्षभर हा रस्ता चालून पाहिला. पावसाळ्यात एकदा पाय मुरगळला, आणि त्यानंतर भाजी मी कामावरून येताना स्कूटरवर आणू लागले; पुढे फोनवर मागवू लागलो. जिना गेला होता, लिफ्ट आली होती. नळ घरात, संडास घरात, मैत्रिणी सात-आठ किलोमीटरवर. इथे आल्यावर चार वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वर्षी, आईला मधुमेह असल्याचे निदान झाले. आता हा धायरीचा दोष की वयाचा, की आजोबांकडून आलेल्या वारशाचा, हे मला सांगता येणार नाही, आणि एका म्हातारीच्या गोष्टीवरून सिद्धान्त मांडण्याइतकी मी भाबडी नाही. पेठेत राहिली असती तरी कदाचित झालाच असता.

संशोधकांपुढेही नेमकी हीच अडचण असते. अमुक वस्तीत मधुमेह जास्त आहे एवढे दाखवणे सोपे आहे; पण वस्तीमुळे मधुमेह होतो की ज्यांना होण्याची शक्यता जास्त, तेच लोक पैशांअभावी तशा वस्तीत जाऊन पडतात, हे वेगळे काढणे फार कठीण. कुणालाही प्रयोगासाठी चिठ्ठ्या टाकून घरे बदलायला लावता येत नाहीत. तरीही याच्या जवळ जाणारी दोन उदाहरणे आहेत. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या गरीब सरकारी वसाहतींमधल्या ४,४९८ कुटुंबांतून खरोखरच सोडत काढली गेली, आणि काहींना गरिबी कमी असलेल्या भागात घर भाड्याने घेण्यासाठी मदत मिळाली. दहा-पंधरा वर्षांनी त्या कुटुंबांतल्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा अशी मदत मिळालेल्या गटात एचबीएवनसी ६.५ किंवा अधिक असलेल्यांचे प्रमाण, मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत, दर शंभर स्त्रियांमागे चारांहून थोडे अधिक, इतके कमी भरले. कुणाला गोळी दिली नव्हती की आहाराचा तक्ता. फक्त पत्ता बदलण्याची संधी दिली होती. दुसरे उदाहरण स्वीडनचे. १९८७ ते १९९१ या वर्षांत आलेल्या निर्वासितांना तिथल्या सरकारने देशभर निरनिराळ्या वस्त्यांत नेऊन ठेवले, आणि कुठे जायचे यावर त्यांचे फारसे काही चालले नाही. पुढे एकसष्ट हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की सर्वांत वंचित वस्त्यांत गेलेल्यांना मधुमेह होण्याची शक्यता सुस्थितीतल्या वस्त्यांत गेलेल्यांपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त होती.

हे दोन्ही देश आपल्यासारखे नाहीत, हे उघड आहे. तिथे गरीब वस्ती म्हणजे मधुमेह. आपल्याकडे अजूनपर्यंत तो सुखवस्तू माणसाचा आजार समजला गेला. माझ्या मते ही समजूत आता फार काळ टिकणार नाही, आणि ते पाहायला मला स्वीडनपर्यंत जावे लागत नाही, फाटकापर्यंत गेले तरी पुरते. आमचा रात्रीचा सुरक्षारक्षक मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावातून आला आहे. गावी तो शेतमजुरी करायचा. इथे बारा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो, रात्रभर जागा राहतो, दिवसा पत्र्याच्या खोलीत जमेल तसा झोपतो. जेवण म्हणजे गाडीवरचा वडापाव, आणि जागे राहण्यासाठी दोन-दोन चमचे साखरेचा चहा, रात्रीतून पाच-सहा वेळा. रात्रपाळीने आणि अपुऱ्या झोपेने इन्शुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाचा, परिणाम मंदावतो, हे आता सर्वमान्य आहे. सोसायटीने भरवलेल्या आरोग्य शिबिरात सगळ्या सभासदांची साखर तपासली गेली. त्याची तपासणी करायची राहून गेली, कारण शिबिर सकाळी दहाला होते आणि तो सातला ड्यूटी संपवून गेला होता. त्याचे वय एकतीस आहे.

वस्तीची ‘चालण्याजोगी’ अशी प्रतवारी करायची तर संशोधक साधारणपणे तीन गोष्टी मोजतात : वस्ती किती दाट आहे, रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, आणि रोजच्या गरजेच्या जागा पायी अंतरावर आहेत का. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २००१ ते २०१२ या काळाचा असा अभ्यास झाला आणि चालण्याजोग्या वस्त्यांत मधुमेहाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण कमी आढळले. या मापाने आमची कसबा पेठ जगातल्या कुठल्याही वस्तीशी स्पर्धा करील. दर पन्नास पावलांवर बोळ, बोळातून दुसरा बोळ, वाड्याच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दाराने पलीकडच्या आळीत निघण्याची सोय. आज तिथेही वाड्यांच्या जागी इमारती आल्या आहेत, खाली पार्किंग आले आहे, आणि मूळच्या अरुंद गल्ल्या दुचाक्यांनी इतक्या गच्च भरल्या आहेत की माझी मावसबहीण शनिवार पेठेतून मंडईत जायलाही स्कूटर काढते. नकाशावर तो भाग अजून चालण्याजोगाच दिसेल. लक्ष्मी रस्त्यावर महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ साजरा करते, वाहने बंद असतात, लोक रस्त्याच्या मधोमध हरखून चालतात. वर्षातून एक दिवस.

आणि हे चालणे मैलोगणती लागते असेही नाही. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या शतपावलीचाही उपयोग होतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारात बदल आणि रोज अर्धा तास भरभर चालणे एवढ्यावर सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला. त्या प्रयोगातला एक बारकावा मला फार आवडतो. जे लोक कामासाठी रोज अर्ध्या तासाहून अधिक पायी किंवा सायकलवर जात होतेच, त्यांना वेगळा व्यायाम सांगितला नव्हता. आहे तेच चालू ठेवा, एवढेच सांगितले होते. आईची मंडईची फेरी त्यांनी व्यायामात धरली असती.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीही पहाटे चालायला सुरुवात केली, पण ते चालण्यासाठी मला आधी स्कूटरने तळजाईवर जावे लागते. तिथे गाड्या लावायला जागा नसते, इतके लोक शहरभरातून चालण्यासाठी गाड्या घेऊन आलेले असतात. टेकडी सुंदर आहे, झाडी आहे, मोर ओरडतात. माझी तक्रार टेकडीबद्दल अजिबात नाही, उलट पुण्याच्या टेकड्यांवर रस्ते आणि बांधकामे आणू पाहणाऱ्यांनी एकदा पहाटे सहाला तिथे येऊन उभे राहावे असे मला वाटते. पण जे चालणे पूर्वी भाजीबरोबर फुकट मिळायचे, त्यासाठी आता पेट्रोल, बूट आणि मोकळा तास लागतो. सुरक्षारक्षकाकडे यांतले काहीच नाही, आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंकडेही नाही.

आता शीर्षकातल्या त्या भिंतीबद्दल. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला दोन-अडीच माणूस उंचीची कुंपणाची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे जुन्या गावठाणाची गल्ली आहे. ती गल्ली सरळ भाजीवाल्यांपाशी निघते. गच्चीवरून पाहिले तर भाज्यांचे ढीग ओळखू येतात. ती मेथी आहे की कोथिंबीर, एवढेच कळत नाही. भिंतीत एक छोटे दार ठेवले, तर नऊशे मीटरांचे अंतर दोनशे मीटरांवर येईल, आणि तेही गाड्या नसलेल्या वाटेने. अंतर कमी झाल्यावर चालणे वाढेल, हे ऐकायला उलटे वाटते. पण नऊशे मीटरांच्या त्या रस्त्यावर आमच्या एकशे बारा फ्लॅटांपैकी कुणीही चालत जात नाही, सगळे स्कूटर काढतात किंवा मागवतात. दोनशे मीटरांसाठी हेल्मेट कोण शोधील?

गेल्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडला. वाड्याच्या दिंडी दरवाजासारखे दार, सकाळी सात ते रात्री नऊ उघडे, हवे तर किल्ली प्रत्येक घरात. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, मुद्दा चांगला आहे, पण सिक्युरिटीचं काय? गावठाणातली माणसं आत येतील.’’ मी म्हटले, ‘‘आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताई तिथूनच येतात, रोज अर्धा तास वळसा घालून येतात.’’ यावर कुणीतरी मागून विचारले की मग सोसायटीच्या आवारातच ट्रॅक का करू नये, पार्किंगभोवती, रबराचा. त्या सूचनेवर पाऊण तास चर्चा झाली आणि दाराचा विषय राहून गेला.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, ‘‘तू त्यांना मधुमेहाचं कशाला सांगत बसलीस? भाजी स्वस्त मिळेल म्हणायचं होतंस.’’

पुढची सभा ऑगस्टमध्ये आहे. विषय मी पुन्हा लेखी दिला आहे, या वेळी आईच्या शब्दांत, आणि विषयपत्रिकेत तो सातवा आहे, रबरी ट्रॅकच्या निविदांनंतर.